लिहिताना कोणतं संगीत ऐकलं? : एका चुकलेल्या प्रश्नाची गोष्ट

मागच्या वर्षी माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मी एक वाक्य लिहिलं होतं : ‘राल्फ एलिसन यांनी आपली कादंबरी जॅझ ऐकत लिहिली.’ वाक्य मला फार आवडलं होतं. मार्गदर्शकांनी त्याखाली पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला : ‘कशावरून?’

त्या एका शब्दापायी माझे चार महिने गेले आणि प्रकरणाचा निम्मा भाग कापावा लागला. तुम्ही सध्या नेट-पेटच्या तयारीत असाल, संशोधनाचा आराखडा लिहीत असाल, तर ते चार महिने तुमच्याही कामी येतील. म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

आधी थोडी ओळख. एलिसन हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय कादंबरीकार. बालपण ओक्लाहोमा सिटीत गेलं, तिथेच ते ट्रम्पेट शिकले. १९३३मध्ये अलाबामातल्या टस्कीगी इथे संगीत शिकायला गेले. संगीतरचनाकार व्हायचं होतं. १९३६मध्ये न्यूयॉर्कला आले आणि रिचर्ड राइट या लेखकाशी ओळख झाल्यावर लेखनाकडे वळले. ‘इनव्हिजिबल मॅन’ ही त्यांची कादंबरी १९५२मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तिला ‘नॅशनल बुक अवॉर्ड’ मिळालं.

आता माझं वाक्य कशावर उभं होतं ते बघा. माझ्याकडे तीन पुरावे होते. पहिला, खुद्द कादंबरी. तिच्या प्रास्ताविकात निवेदक तळघरात बसून लुई आर्मस्ट्राँगची तबकडी ऐकतो. एक फोनोग्राफ त्याच्याकडे आहे, पण त्याला पाच हवेत. तेच गाणं पाचांवर एकाच वेळी वाजलेलं ऐकायचं आहे. दुसरा, एलिसन यांचा १९५५चा ‘लिव्हिंग विथ म्युझिक’ हा लेख. कादंबरी लिहितानाचे दिवस आणि घरातलं संगीत, हाच त्याचा विषय. तिसरा, त्यांचा तबकड्यांचा संग्रह. तो आज हार्लेममधल्या ‘नॅशनल जॅझ म्युझियम’कडे आहे. तीन-तीन पुरावे! आणखी काय हवं?

एकेक हातात घेऊन बघू.

निवेदक गाणं ऐकतो म्हणून लेखकही लिहिताना तेच ऐकत होता, असं म्हणता येत नाही. हे तर बी.ए.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात, तरी मी घसरलेच. आर्मस्ट्राँगचं ते ध्वनिमुद्रण १९२९चं आहे. त्या काळच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांत संपायची. मग उठा, तबकडी उलटा, सुई ठेवा. तबकड्या आपोआप बदलणारी यंत्रं होती, पण तीही दर तीन-चार मिनिटांनी खडखडत थांबायची. एका बाजूवर वीसेक मिनिटं चालणारी एलपी अमेरिकेत आली ती १९४८मध्ये. म्हणजे ‘संगीत लावलं आणि तासभर लिहीत बसले’ हे माझ्या डोळ्यांसमोरचं चित्र माझ्या काळाचं होतं. हेडफोन घालून गाण्यांची यादी लावून देते ती मी, एलिसन नव्हेत. माझी सवय मी पाऊणशे वर्षं मागे नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवली होती.

तबकड्यांच्या संग्रहाचंही तसंच. संग्रहावरून काय विकत घेतलं किंवा कोणी भेट दिलं ते कळतं. कधी ऐकलं आणि ऐकताना हात टंकलेखन यंत्रावर होता की चहाच्या कपाभोवती, ते कळत नाही. संग्रहाचा खरा उपयोग नकार द्यायला होतो. १९५६मध्ये निघालेली तबकडी १९५०मध्ये कोणी ऐकलेली असू शकत नाही, एवढं तो ठामपणे सांगतो. ‘हे झालं’ म्हणण्यापेक्षा ‘हे होऊ शकत नव्हतं’ म्हणायला पुरावा अनेकदा जास्त मदत करतो, हे मला इथेच उमगलं.

राहिला तो लेख. मी तो पूर्वी तीनदा वाचला होता. चौथ्यांदा वाचताना त्यातल्या प्रत्येक आवाजापुढे समासात लिहीत गेले : हा आवाज कोणी लावला?

एलिसन दांपत्य तेव्हा तळमजल्यावरच्या मागच्या बाजूच्या छोट्या घरात राहत होतं. उजवीकडे पातळ भिंतीपलीकडे खानावळ, तिथे भलाथोरला जूकबॉक्स. डावीकडे रात्रपाळी करणारा एक स्विंगप्रेमी. तो सकाळी नऊच्या ठोक्याला काउंट बेसीचा वाद्यवृंद ढणाणा लावायचा आणि मग झोपायचा. मागच्या अंगणात कुत्री, मांजरं, दारुडे. आणि डोक्यावर, वरच्या मजल्यावर, गाण्याचा रियाज करणारी एक गायिका. या सगळ्याच्या मध्ये एक माणूस कादंबरी लिहू बघतोय.

म्हणजे घरात जॅझ होतं, सकाळी नऊ वाजता तर नक्की होतं. पण ते शेजाऱ्याचं होतं. ते निवडलेलं नव्हतं, सोसलेलं होतं.

गायिकेबद्दल त्यांना तक्रार करवत नाही. का? तर लहानपणी आपण ट्रम्पेट बडवून शेजाऱ्यांना किती छळलं ते त्यांना आठवतं. मग एके दिवशी रेडिओवर इंग्लंडच्या गायिका कॅथलीन फेरियर यांच्या आवाजात हेंडेलचं गाणं लागतं, आणि एलिसन हलून जातात. इथे एक कबुली येते. मी ती तीनही वाचनांत वरवर वाचून पुढे गेले होते : लेखनाकडे वळताना त्यांनी संगीताशी नातं तोडायचा प्रयत्न केला होता. त्या क्षणी ते जुनं प्रेम परत आलं. यानंतर ते हाय-फाय यंत्रणेच्या नादी लागतात; अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, एकेक सुटा भाग जमवतात. वरून रियाज सुरू झाला की नामवंत गायकांची त्याच जातीची ध्वनिमुद्रणं खालून लावून उत्तर देतात.

समासातली माझी यादी अशी झाली : खानावळीनं लावलेलं, शेजाऱ्यानं लावलेलं, गायिकेनं गायलेलं, रेडिओ केंद्रानं लावलेलं. आणि शेवटी एकच आवाज स्वतः एलिसन यांनी लावलेला. तोही लिहायला सोबत म्हणून नव्हे. आधी भिंत म्हणून, मग भांडण म्हणून, आणि अखेर ज्या संगीताकडे पाठ फिरवली होती त्याच्याशी समेट म्हणून.

आता लेख छापला कुठे गेला ते पाहा. ‘हाय फिडेलिटी’ या मासिकात. वाचक सगळे यंत्रांचे शौकीन. अशा वाचकांसमोर गोष्ट यंत्रापाशी येऊन सुखान्त होणार, हे ओघानंच आलं. वर, लेख लिहिला तेव्हा कादंबरी गाजून तीन वर्षं झाली होती. याचा अर्थ एलिसन खोटं बोलतात असा अजिबात नाही. पण १९५५चा लेख हा आधी १९५५चा पुरावा असतो. चाळिशीच्या दशकाचा पुरावा तो त्यानंतर आणि थोडा गाळून घेतल्यावरच होतो.

याला जोड मिळाली ती एलिसन यांच्याच दुसऱ्या निवेदनाची. कादंबरीला तीस वर्षं होत आली तेव्हा, १९८१मध्ये, त्यांनी नवी प्रस्तावना लिहिली. तीत ते सांगतात की कादंबरीची सुरुवात १९४५च्या उन्हाळ्यात व्हरमाँटमधल्या एका धान्याच्या कोठारात झाली. पुढे काही काळ ते न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर, आठव्या मजल्यावरच्या एका जवाहिऱ्यांच्या कार्यालयात नोकरदारासारखे रोज जाऊन लिहीत असत. म्हणजे एकाच कादंबरीच्या लेखनाच्या निदान तीन जागा, आणि संगीताची गोष्ट त्यांपैकी एकाच जागेची. कोठारात काय ऐकू येत होतं? जवाहिऱ्यांकडे? माझ्या सुंदर वाक्यात या दोन खोल्यांना जागाच नव्हती.

मग प्रकरणात उरलं काय? मी वाक्य बदललं : ‘कादंबरी लिहिण्याच्या काळात हार्लेममधल्या घरी एलिसन यांच्याभोवती त्यांनी न निवडलेलं बरंच संगीत होतं, स्वतःचं संगीत निवडण्याची सोय त्यांना नव्या यंत्रांमुळे मिळाली आणि तिचा पहिला उपयोग त्यांनी बचावासाठी केला.’ लांबलचक झालं, आधीच्यासारखं चटकदार नाही. पण यावर ‘कशावरून?’ विचारलं तर आता उत्तर आहे.

आपल्याकडचा लेखक निवडाल तेव्हाही हेच करा. समजा, एखाद्या मराठी कादंबरीकारानं म्हातारपणी सांगितलं की १९५०मध्ये लिहिताना शेजारी विविध भारती चालू असायची. विविध भारती सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ला. लगेच ‘खोटं’ असा शेरा मारू नका. रेडिओ खरा असेल, केंद्र नंतरचं आठवणीत मिसळलं असेल. मग ऑल इंडिया रेडिओचं ‘इंडियन लिसनर’ काढा. १९३५पासून निघणाऱ्या या नियतकालिकात केंद्रवार, वेळेनुसार कार्यक्रम छापलेले असत. तो काय ऐकत होता हे त्यातून कळणार नाही. त्या वेळी काय ऐकू येऊ शकत होतं, ते कळेल. शिवाय चाळीतल्या खोलीत लिहिणाऱ्याच्या बाबतीत रेडिओ कोणाचा, हा प्रश्न आधी विचारा.

माझी चूक उत्तरात नव्हतीच, प्रश्नात होती. ‘त्यांनी कोणतं संगीत निवडलं?’ असं विचारलं की निवड झालीच होती हे आपण न तपासता मान्य करून बसतो. तुमच्या आराखड्यातले प्रश्न आज एकदा काढा आणि त्यांतल्या क्रियापदांखाली रेघ मारा : निवडलं, नाकारलं, स्वीकारलं, प्रभावित झाला. प्रत्येकापुढे पेन्सिलीनं तोच एक शब्द लिहा. तुमच्या मार्गदर्शकांनी लिहिण्याआधी तुम्हीच लिहिलेला बरा.