एडीएचडी : लक्षणे, निदान आणि कार्यनियोजन क्षमता

वर्गात सतत चुळबुळ करणारे, वह्या-पेन्सिली वारंवार हरवणारे, उत्तर ठाऊक असूनही उत्तरपत्रिका अपुरी सोडणारे मूल बहुधा खोडकर किंवा आळशी ठरविले जाते. अशा काही मुलांच्या वर्तनामागे अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार, अर्थात एडीएचडी, असू शकतो. हा मेंदूच्या विकासाशी निगडित विकार असून बुद्धीच्या अभावाशी किंवा आईवडिलांच्या लाडांशी त्याचे नाते जोडणे चुकीचे आहे. जगभरातील पाहण्यांनुसार सुमारे ५ टक्के बालकांमध्ये तो आढळतो.

लंडन येथे १९०२ साली बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले. मात्र त्यांनी हा नैतिक नियंत्रणातील दोष मानला. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेत अवधानाच्या उणिवेला केंद्रस्थान दिले आणि १९८७ मध्ये आजचे नाव रूढ झाले.

लक्षणे

या विकाराची लक्षणे दोन गटांत मोडतात. पहिल्या गटात लक्ष न टिकणे, सूचना अर्ध्यावर विसरणे, कामे अपुरी राहणे व वस्तू हरवणे यांचा समावेश होतो. दुसऱ्या गटात एका जागी न बसणे, अतिबडबड, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देणे व आपली पाळी येईपर्यंत न थांबणे ही लक्षणे येतात. काहींमध्ये केवळ पहिल्या गटातील लक्षणे असतात. अशी मुले, विशेषतः मुली, कोणालाही त्रास देत नसल्याने अनेकदा दुर्लक्षित राहतात.

निदान

रक्ततपासणी किंवा मेंदूच्या प्रतिमाचित्रणाने या विकाराचे निदान होत नाही. पालक व शिक्षकांकडून मिळालेली माहिती, प्रत्यक्ष निरीक्षण आणि पूर्वेतिहास यांवरच तज्ज्ञांना विसंबावे लागते. २०१३ च्या निकषांनुसार एका गटातील ९ पैकी किमान ६ लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ दिसावी लागतात. १७ वर्षे व त्यापुढील व्यक्तींसाठी ही संख्या ५ आहे. लक्षणांपैकी काहींचा आरंभ वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी झालेला असावा आणि ती घर, शाळा यांसारख्या किमान दोन ठिकाणी दिसावीत, अशीही अट आहे. अपुरी झोप, श्रवणदोष, दृष्टिदोष, चिंता किंवा अध्ययन अक्षमता यांमुळेही तत्सम लक्षणे दिसत असल्याने घाईने निष्कर्ष काढणे घातक ठरते.

कार्यनियोजन क्षमता

कामाचा क्रम ठरविणे, सूचना मनात धरून ठेवणे, मोह आवरणे, वेळेचा अंदाज घेणे आणि प्रसंगानुरूप मार्ग बदलणे, या क्षमतांचे नियंत्रण मुख्यतः मेंदूच्या अग्रभागाकडे असते. अमेरिकेतील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मेंदूच्या बाह्यावरणाच्या वाढीचा विशिष्ट टप्पा इतर मुलांनी साधारण साडेसातव्या वर्षी, तर या मुलांनी साडेदहाव्या वर्षी गाठल्याचे आढळले. विकासाचा क्रम मात्र सारखाच होता.

त्यामुळेच अशा मुलाला काय करायचे हे कळत असते. ते योग्य वेळी सुरू करून तडीस नेणे मात्र अवघड जाते. आवडीच्या खेळात तासभर रमणारे मूल गणिताची पाच उदाहरणे सोडवू शकत नाही, याचे कारण हेच होय. शिक्षेने ही उणीव भरून निघत नाही. मोठ्या कामाचे लहान भाग पाडणे, भिंतीवर वेळापत्रक लावणे, एका वेळी एकच सूचना देणे आणि चांगल्या प्रयत्नाचे तत्काळ कौतुक करणे हे उपाय अधिक उपयुक्त ठरतात.

उपचार

लहान वयात पालकांना वर्तन-व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देण्यावर प्रथम भर असतो. आवश्यकतेनुसार मेथिलफेनिडेट किंवा अॅटोमॉक्सेटिन ही औषधे दिली जातात. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. अनेकांमध्ये काही लक्षणे प्रौढपणीही टिकून राहत असल्याने मोठ्या वयात झालेले निदानही उपयोगी ठरते.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्यविषयक मार्गदर्शन विनामूल्य मिळते. वेळीच ओळख पटल्यास मुलाच्या वाट्याला येणारी 'आळशी' ही उपाधी टळते आणि त्याचा स्वतःवरील विश्वास शाबूत राहतो.