मधुमेह आणि डोळ्याचा पडदा : हिरवा लेसर कशासाठी?

मधुमेह बरीच वर्षे असेल तर डोळ्याच्या पडद्यातील (दृष्टिपटलातील) बारीक रक्तवाहिन्या बंद पडू लागतात. उपाशी राहिलेला पडदा नव्या रक्तवाहिन्या उगवायला भाग पाडतो. त्या नाजूक असतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरते आणि नजर जाऊ शकते.

हिरवाच प्रकाश का?
निओडिमियम-याग स्फटिकातून १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य किरण निघतो. दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी, म्हणजे ५३२ नॅनोमीटर करतो. हा हिरवा प्रकाश बुबुळ व भिंगातून आरपार जातो. पडद्यामागचे रंगद्रव्य आणि रक्त मात्र तो शोषून घेतात. त्यामुळे डोळा न उघडता नेमक्या जागी चटका देता येतो. पडद्याच्या कडेच्या भागाला चटके दिल्याने त्याची प्राणवायूची गरज घटते व नव्या वाहिन्या आक्रसतात. १९७६ साली जाहीर झालेल्या अमेरिकी अभ्यासात, लेसर उपचाराने गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले. तेव्हा आर्गॉन वायूचे लेसर वापरात होते.

काय अपेक्षा ठेवावी?
लेसर आहे ती नजर टिकवण्यासाठी असतो, वाढवण्यासाठी नाही. ‘फरक पडला नाही’ म्हणून उरलेल्या बैठका सोडू नका. साधारण १२०० ते १६०० किंवा जास्त ठिपके दोन-तीन बैठकांत देतात. थोडे दुखते, काही दिवस धूसर दिसू शकते. पुढे रात्रीची व बाजूची नजर काहीशी कमी होऊ शकते.

धारूर परिसरातील रुग्णांसाठी
ऊसतोडीला जाण्यापूर्वी मधुमेही व्यक्तीचा पडदा बाहुली मोठी करून तपासून घ्या. उपचार चालू असल्यास पुढच्या तारखा डॉक्टरांशी आधीच ठरवा. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभाग आहे. लेसरची सोय व वार विचारून निघा. परतताना स्वतः मोटरसायकल चालवू नका, सोबत कुणी असू द्या.

मिरवणुकीतला लेसर वेगळा
तो प्रकाश मोजून दिलेला नसतो. तो थेट डोळ्यात गेल्यास पडद्याला कायमची इजा होऊ शकते.

लगेच दाखवा
अचानक काळे ठिपके, पडदा ओढल्यासारखी सावली किंवा एकाएकी अंधुक दिसणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. दुखत नाही म्हणून थांबू नका.