हिंग, ओवा आणि गोडंतेल

वसुबारशीला इथे इंग्लंडमध्ये आम्ही पितळेच्या गाय-वासराची पूजा करतो. गेल्या वर्षी मुलीने विचारलं, "बाबा, तुमच्याकडे खरी गाय होती ना? ती आजारी पडली तर काय करायचे तुम्ही?" मला चटकन आठवली ती पोटफुगी.

सांगलीकडच्या आमच्या गावी एका सकाळी गाय दावं तोडून दंवाने ओल्या लसूणघासात शिरली. (या घासाचा लसणीशी काही संबंध नाही, 'लुसर्न'चंच ते मराठी रूप असावं.) तासाभरात तिची डावी भकाळी टम्म फुगली. आजोबांनी टिचकी मारली, तर ढोलकीसारखा आवाज! त्यांनी तिचे पुढचे पाय उंचवट्यावर घेतले आणि कडुनिंबाची काठी तोंडात आडवी बांधली, म्हणजे ती चघळत राहील आणि लाळ सुटेल. तोवर आजीने गोडंतेल, हिंग आणि ओव्याची पूड कालवून आणली. बांबूच्या नळकांड्याने ते घोट घोट पाजलं. दुपारी गाईने असा ढेकर दिला की आम्ही पोरं टाळ्या पिटायला लागलो.

हे ज्ञान कुठून आलं? आपल्याकडे शालिहोत्राचं नाव घोड्यांच्या वैद्यकाशी जोडलेलं, पालकाप्याचं हत्तींच्या. म्हणजे ग्रंथ झाले ते मुख्यतः राजाच्या जनावरांवर. अग्निपुराणात गाईगुरांच्या औषधांचा एक अध्याय आहे, पण कुणब्याच्या गोठ्यात तो कोण वाचणार? तिथली विद्या तोंडोतोंडीच चालली.

इंग्रजांनी १८८६ मध्ये मुंबईला पशुवैद्यकीय कॉलेज काढलं, १८८९ मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा सुरू केली. ती १८९३ मध्ये कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. सरकारला धास्ती होती बुळकांडीसारख्या साथींची, आणि ती रास्तच होती. पोटफुगीचं गणित मात्र वेगळं. फुगलेलं कोटीपोट फुप्फुसांवर दाबतं आणि जनावर काही तासांत जातं. तालुक्याहून डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपायचं. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या डब्यात जे असेल तेच औषध. मला वाटतं, हा उपाय इतकी वर्षं टिकला तो श्रद्धेने नव्हे, अंतरामुळे.

इंग्लंडही यातून सुटलं नव्हतं. थॉमस हार्डीच्या १८७४ च्या 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड'मध्ये कोवळं क्लोव्हर खाऊन मेंढ्या फुगतात, आणि गॅब्रिएल ओक त्यांच्या कुशीत नळी खुपसून वायू सोडतो. पण कोवळ्या घासाने पोटात फेस होतो, वायू त्या फेसात अडकतो, आणि नळी घातली तरी तो नीट सुटत नाही. तेलाने फेस मोडतो. १९५० च्या दशकात न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी हे नीट अभ्यासलं. म्हणजे आजीच्या वाटीतलं खरं काम तेलाचं! हिंग-ओव्याला किती श्रेय द्यायचं, यावर आमच्या घरी अजून वाद होतो.

मुलीला एवढं सांगून थांबणार होतो. पण ती म्हणाली, "म्हणजे नेहमी बरं व्हायचं?"

नाही. दोन वर्षांनी बेंदराला पुरणपोळ्या जास्त झाल्या आणि आमचा बैल फुगला. घाईत गड्याने त्याची मान उंच ताणली, जीभ बाहेर ओढून धरली, आणि आजोबांनी नळकांडं रिकामं केलं. बैल खोकला. तेल श्वासनळीत गेलं होतं. तिसऱ्या दिवशी तो गेला, तो पोटफुगीने नाही, औषधाने. आजोबांनी गड्याला एक शब्द बोलून दाखवला नाही. पुढे कुणी पोटफुगीचं औषध मागायला आलं, की हिंग-ओव्याच्या आधी ते मान किती वर धरायची ते स्वतःच्या हाताने दाखवायचे, आणि समोरच्याकडून तसंच करवून घ्यायचे.