अपयशही लिहून ठेवणारा वॉर्ड

नोव्हेंबर १९८४. तुम्ही अमेरिकेत बेथेस्डाला आहात, राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या रुग्णालयात. खाटेवर नौदलातली एक तरुण अधिकारी. मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग अंगभर पसरलाय. शेजारी उभे आहेत शल्यचिकित्सक स्टीव्हन रोझेनबर्ग. शरीराची प्रतिकारशक्ती वापरण्याचे प्रयोग त्यांनी साठाहून अधिक रुग्णांवर केलेत आणि एकालाही गुण आलेला नाही.

तिचं रक्त यंत्रातून फिरतंय. हव्या त्या पांढऱ्या पेशी बाजूला निघतात, बाकीचं रक्त परत अंगात जातं. त्या पेशींबरोबर प्रयोगशाळेत चला. इंटरल्युकिन-२ हे प्रथिन मिसळलेल्या द्रवात त्या तीन-चार दिवस राहतात आणि गाठीवर तुटून पडणाऱ्या मारक पेशी होतात. हे प्रथिन पूर्वी जेमतेम मिळायचं. आता जनुक घातलेले जिवाणू ते हवं तेवढं बनवतात. एकेका रुग्णाला अशा किमान १,८०० कोटी पेशी परत द्यायच्या असतात.

आता पुन्हा वॉर्डात या, इथलं बघणं कठीण आहे. इंटरल्युकिनचे डोस सुरू होतात. हुडहुडी भरते, रक्तदाब घसरतो, रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरून अंग सुजतं, फुप्फुसांत साचतं. ‘पुरे करा’ असं तुमच्या ओठांवर येतं. पण काही महिन्यांनी तपासणीत तिच्या गाठी नाहीशा झालेल्या असतात.

एवढ्यावर परतू नका. रोझेनबर्ग यांच्या गटाचा डिसेंबर १९८५चा अहवाल वाचा: २५ रुग्णांपैकी ११ जणांच्या गाठी निम्म्याहून जास्त आक्रसल्या, पूर्ण गेल्या एकाच्याच. दुष्परिणामही त्यात मांडलेले आहेत. १९९३मध्ये याच गटाने स्वतःची चाचणी छापली. नुसत्या इंटरल्युकिनपेक्षा या पेशींची जोड दिल्याने ठळक फरक पडला नव्हता. ज्या पेशींवर उमेद खर्ची घातली, त्यांच्याबद्दल हे लिहायला मोठं मन लागतं. तोवर थेट गाठीत शिरलेल्या पेशी काढून वाढवण्याची वाट त्यांनी धरलेली होती. त्या वाटेवरच्या मेलानोमाच्या उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली फेब्रुवारी २०२४मध्ये.

आज तुमच्या घरच्या रुग्णाला कोणी ‘प्रतिकारपेशी वाढवून देतो’ म्हणत लाखोंचा आकडा सांगितला, तर आधी सरकारी मान्यतेचा कागद मागा. आणि किती जणांना गुण आला नाही, तेही लेखी मागा.