एक कप चहा आणि पुण्याचं पंचहौद देवालय



बचत गटाची बैठक म्हटली की चहा आलाच. हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, की घरची बाई चहा ठेवते. पण आपली बैठक सगळ्यांच्या घरी आळीपाळीनं होते का? आणि झाली, तर सगळ्या जणी चहा घेतात का? कुणी म्हणते, "आज माझा उपास आहे." कुणी म्हणते, "आत्ताच घेऊन आले बाई." उपास खरा की बहाणा, हे जिनं चहा ठेवला तिला बरोबर समजतं.

आज अशाच एका चहाची गोष्ट सांगते. तो चहा झाला पुण्यात, एका मिशनमध्ये, सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी.

मिशन म्हणजे काय, हे यवतमाळच्या बायांना सांगायला नको. उमरीच्या मिशन दवाखान्याचं नाव आपण ऐकून आहोत. यवतमाळात १९५३ साली ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं एक मोठं विद्यालय सुरू झालं आणि ते १९८३ मध्ये पुण्याला गेलं. पण आजची गोष्ट त्याच्याही खूप आधीची आहे.

पुण्यात गुरुवार पेठ आहे. तिचं जुनं नाव वेताळ पेठ. नळ येण्याआधी पुण्याचे लोक पाणी भरायचे ते हौदांवर. या पेठेत पाच हौद होते, म्हणून त्या भागाला नाव पडलं पंचहौद. तिथं इंग्लंडहून आलेल्या मिशनऱ्यांनी वस्ती केली आणि १८८५ साली 'पवित्र नाम देवालय' बांधलं. त्याच्या शेजारी उंच मनोरा आहे आणि त्यात आठ घंटा आहेत. पण पेठेतल्या माणसांच्या तोंडी नाव राहिलं ते हौदांचंच. आजही ते पंचहौद चर्चच आहे.

या मिशनच्या कामात बायाही होत्या. इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या मठातल्या सिस्टर १८७७ पासून पुण्यात शिकवण्याचं आणि सेवेचं काम करत होत्या. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, त्या याच सिस्टरांच्या ओळखीनं. तरुण विधवा, कडेवर लहान लेक, आणि मनात एकच, की शिकायचं आणि आपल्यासारख्या बायांसाठी काही करायचं. परत आल्यावर त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढं केडगावला मुक्ती मिशन उभं केलं.

आता चहाकडे येते. १८९० चा ऑक्टोबर महिना. गोपाळराव जोशी नावाचे एक गृहस्थ होते. आपल्या पहिल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी, त्यांचे हे पती. आनंदीबाई तीन वर्षांपूर्वीच वारल्या होत्या. गोपाळरावांनी पुण्यातल्या मोठमोठ्या मंडळींना पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावलं. न्यायमूर्ती रानडे आले, टिळक आले, गोखले आले. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं समोर आली. कुणी चहा प्याले, कुणी कप नुसता बाजूला ठेवला.

गोपाळरावांनी मग आलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापवली. गावभर बोभाटा झाला. ब्राह्मण असून ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतला! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री नेमले गेले, आणि चहाला गेलेल्यांवर बहिष्कार आला. त्याला तेव्हा ग्रामण्य म्हणत.

ग्रामण्य म्हणजे पंक्तीला कुणी बोलवायचं नाही, घरच्या कार्याला भटजी यायचा नाही, सोयरीक जुळायची नाही. मैत्रिणींनो, विचार करा. चहा प्यायला गेले पुरुष. पण लेकीचं लग्न अडलं तर रात्री जागते कोण? सासरची लेक सणाला माहेरी आली नाही तर वाटेकडे डोळे लावून बसते कोण? सभा बैठकीत झाली आणि तिचा दंड माजघरात भरला गेला.

हे आपल्याला समजतं, कारण एका बाईनं ते दिवस लिहून ठेवले. रानड्यांच्या पत्नी रमाबाई. लग्नानंतर नवऱ्याकडून लिहायला-वाचायला शिकलेल्या. त्यांचं आठवणींचं पुस्तक १९१० साली निघालं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. आपल्यामुळे स्नेह्यांच्या घरची अडचण सुटत असेल तर सुटू दे, असा त्यांचा विचार होता. रमाबाईंना ते पटलं नाही, फार लागलं, आणि तेही त्यांनी लपवलं नाही. याच रमाबाईंनी पुढं पुण्यात सेवासदन उभं केलं आणि शेकडो बायांना शिकून पायावर उभं राहता आलं.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. पंचहौदापासून जवळच, गंज पेठेत, जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांचं घर आहे. त्यांनी १८६८ सालीच आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला होता. म्हणजे चहावरून मोठ्या घरांत वादळ उठलं, त्याच्या बावीस वर्षं आधी शेजारच्या पेठेत पाण्याचा प्रश्न एका जोडप्यानं आपल्या अंगणात सोडवला होता. ज्यांना घोटभर पाणीच मिळत नव्हतं, त्यांच्यासाठी प्रायश्चित्त कोण घेणार होतं? महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला १९२७ साल उजाडावं लागलं.

चर्च, हौद, फुल्यांचा वाडा, सगळं अजून पुण्यात आहे किंवा नावानं तरी उरलं आहे. पुण्याला गेलात तर जरूर बघा. पण आधी आपल्या गावात बघा. कुठल्या विहिरीवर कोण पाणी भरत होतं, कुणाच्या कपाला वेगळा कोनाडा होता, हे गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. रमाबाईंनी लिहिलं म्हणून आपल्याला समजलं.

आणि पुढची बैठक अशा घरी घ्या, जिथं आजवर झाली नाही. ती बाई चहा आणेल. तेव्हा उपास आठवू नका. कप हातात घ्या आणि पिऊन रिकामा करून द्या.

येते मग. नमस्कार.