कळलावीची ओळख

पावसाळ्यात डहाणू-तलासरीच्या रस्त्यांनी जाताना कुंपणांवर, टेकड्यांच्या उतारांवर पिवळ्या-लाल ज्वाळांसारखी फुले दिसतात. ही कळलावी. सहा पाकळ्या मागे वळलेल्या, सहा पुंकेसर बाजूंना पसरलेले आणि पानाचे टोकच वेटोळे घालून आधाराला धरणारे. फूल असताना ओळख सोपी. पण पावसाळा सरला की वेल वाळतो आणि जमिनीत उरतो तो कंद. या वारली मुलखात करांदे, कडूकंद खणून खाल्ले जातात. तिथे हा कंद ओळखता येणे जिवाशी निगडित आहे, कारण तो विषारी असतो.

जुन्या नावांत ही सगळी ओळख साठवलेली आहे. ‘अग्निशिखा’ फुलावरून, ‘लांगली’ नांगरासारख्या कंदावरून, तर ‘कळलावी’ आणि ‘गर्भपातिनी’ परिणामावरून. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी तिचा वापर होई.

युरोपीय विज्ञानाने सुरुवात फुलापासून केली. मलबारचा डच गव्हर्नर व्हान रीड याने इट्टी अच्युतन हे वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे कोकणी जाणकार यांच्या मदतीने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ सिद्ध केला (12 खंड, 1678–1693). त्यात ही वनस्पती ‘मेंदोनी’ या नावाने आहे. लिनियसने 1753 मध्ये तिला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ म्हटले. दोन्ही शब्द वैभवाचे. विषाचा उल्लेख नाही. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील कुकच्या ग्रंथातही (1901–1908) ती लिलीच्या कुळात आहे.

कंदाकडे लक्ष वळवले ते रसायनशास्त्राने. 1880 मध्ये कलकत्त्यात वॉर्डन यांनी त्यातून ‘सुपर्बिन’ हा विषारी पदार्थ काढला. 1915 मध्ये इंग्लंडमधील क्ल्यूअर, ग्रीन आणि टुटिन यांनी दाखवले, की कंदात कोल्चिसिन आहे. युरोपातल्या कोल्चिकम या झाडातले विषही हेच. पेशीविभाजनात गुणसूत्रांना ओढणारे तर्कुतंतू कोल्चिसिनमुळे तयार होत नाहीत. म्हणूनच आतडे आणि अस्थिमज्जा यांतील सतत विभागणाऱ्या पेशींना त्याचा मोठा फटका बसतो.

विष सारखे, तर नातेही जवळचे असेल का? जनुकांच्या अभ्यासाने होकार दिला. 1998 च्या नव्या वर्गीकरणात लिलीचे जुने, अवाढव्य कुळ विभागले गेले आणि कळलावी कोल्चिकमच्या कुळात बसली.

वर्गात हा विषय घेताना मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून या वेलाची नावे विचारून आणायला सांगावे. प्रत्येक नाव फुलावरून, कंदावरून की परिणामावरून पडले, याचा तक्ता करावा. निरीक्षण फुलापानांचेच करावे. कंद खणू नये, वेलाचा कोणताही भाग तोंडात घालू नये.