सूत्रधाराचे बोट आणि यंत्रमानवाचा सांधा

खेळण्याची पारख कशी करावी? रंगावरून, किमतीवरून की टिकाऊपणावरून? मी इतिहासाचा शिक्षक. मला वाटते, हलणाऱ्या खेळण्याची पारख त्याच्या सांध्यावरून करावी. हात खांद्याशी कसा जोडला आहे, मान कशावर फिरते, हे पाहिले की ते खेळणे कोणी, कशासाठी आणि कोणाच्या हातासाठी केले, हे कळू लागते. आज मला आपल्याशी या सांध्यांच्या इतिहासाविषयी बोलायचे आहे, आणि त्या ओघात आजच्या एका यंत्रमानवाचे परीक्षणही करायचे आहे.

सुरुवात घराजवळून करतो. आमचे निर्मळ हे वसई तालुक्यातले, सोपाऱ्याच्या शेजारचे गाव. शंकराचार्यांच्या समाधीमुळे ते प्रसिद्ध आहे. कार्तिक वद्य एकादशीला येथे यात्रा सुरू होते आणि तिला हिंदू जसे येतात तसे ख्रिस्ती बांधवही येतात. आमच्या लहानपणी यात्रेचा खरा ओढा असे तो खेळण्यांच्या दुकानांचा. त्यात पुठ्ठ्याचा एक पहिलवान मिळे. खालची दोरी ओढली की तो दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकदम वर फेकी. पाठ उलटून पाहिली की सगळे गुपित उघडे पडे. हातापायांची आखूड टोके एका दोरीला बांधलेली असत. दोरी खाली आली की आखूड टोक खाली जाई आणि लांब टोक वर उडे. शाळेत तरफ शिकण्याआधी आम्ही ती या पहिलवानाच्या पाठीवर शिकलो. मात्र त्याला एकच कसरत येत होती. एक हात वर, दुसरा कमरेवर, असे त्याला उभे करता येत नसे.

ही अडचण माणसाला फार पूर्वीपासून खुपत आली आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला. त्याचे मूळ मानली जाणारी गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ परंपरेने सातवाहनांच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, दरबाराशी जोडली आहे. त्यात मयासुराची मुलगी सोमप्रभा आपल्या मैत्रिणीला, कलिंगसेनेला, करंडीभर लाकडी यंत्रबाहुल्या आणून दाखवते. खुंटी दाबली की एक बाहुली उडते, एक पाणी आणते, एक नाचते, तर एक चक्क गप्पा मारते. त्याच शतकातल्या भोजराजाच्या ‘समराङ्गणसूत्रधार’ या वास्तुग्रंथात तर यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. ग्रंथाच्या नावातला ‘सूत्रधार’ हा शब्द लक्षात ठेवावा. सूत्र धरणारा तो सूत्रधार. तो शिल्पी असो, नाटकातला असो की बाहुल्या नाचवणारा असो, दोरी त्याच्या हातात असते.

याहूनही नवलाची कथा ‘लोकपञ्ञत्ति’ या पाली ग्रंथात आहे. रोम देशातल्या यंत्रकारांना हलणारे यंत्रपुरुष करता येत, पण ती विद्या बाहेर नेणाऱ्याला मृत्युदंड होता. पाटलिपुत्राच्या एका कारागिराने ती शिकून आराखडा आपल्या मांडीत शिवून घेतला आणि पुढे त्याच्या मुलाने तो मगधात आणला. त्यावरून केलेले यंत्रपुरुष बुद्धाच्या अस्थींवर पहारा देऊ लागले. नंतर सम्राट अशोकाने त्यांना निष्प्रभ केले आणि त्या अस्थी काढून देशभरच्या स्तूपांत वाटल्या, अशी ती कथा.

कथा ती कथाच. पण निर्मळच्या माणसाला ती परकी वाटत नाही. पश्चिमेकडच्या देशांशी व्यापार करणारे सोपारा बंदर आमच्या शेजारचे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तेथेच मिळाला आणि नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी, लोक ज्याला बुरुड राजाचा कोट म्हणत, तो सोपाऱ्याचा स्तूप उकरला. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक होते आणि अगदी आतल्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, असे मानले गेले. करंडकाभोवती आठ ब्राँझच्या बुद्धमूर्ती मांडलेल्या होत्या. कथेत पहाऱ्याला चालतीबोलती यंत्रे आणि प्रत्यक्षात स्तब्ध बसलेले आठ बुद्ध! माणसाला हलणारी प्रतिमा हवी असते आणि न हलणारीही हवी असते. आजच्या खेळण्यांच्या कपाटातही हीच ओढाताण दिसते. तिच्याकडे पुढे वळू.

आपल्याकडे प्रत्यक्षात हलल्या त्या दोरीच्या बाहुल्या. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या या तिन्ही कला जपल्या. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. कळसूत्री बाहुलीच्या अंगात ताठपणा मुळीच नसतो. सांधे मुद्दाम सैल ठेवलेले असतात. वरची बोटे हलली तर ती राम असते, सीता असते. बोटे थांबली की लाकूड आणि चिंध्या. ज्ञानेश्वरांनीसुद्धा सूत्रावर हलणाऱ्या बाहुलीचा दृष्टांत दिला आहे, तो यामुळेच. बाहुलीचे कर्तेपण तिच्यात नाही, दोरीच्या दुसऱ्या टोकाला आहे.

शहरात हीच गोष्ट वेगळ्या रूपाने आली. यशवंत पाध्ये यांनी शब्दभ्रमाच्या खेळातून अर्धवटरावांना घराघरांत पोहोचवले, रामदास पाध्ये यांनी तो वारसा चालवला. ‘झपाटलेला’ या १९९३ च्या चित्रपटातला तात्या विंचूही त्यांच्याच हातचा. बाहुल्यात जीव शिरला तर काय, ही भीती आपण तेव्हा हसत हसत अनुभवली.

आता समुद्रापलीकडे जाऊ. ‘रोबॉट’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातून जगभर गेला. तो सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. मूळ शब्दाचा अर्थ सक्तीचे श्रम, आपल्या भाषेत वेठ. म्हणजे यंत्रमानव जन्माला आला तो वेठबिगार म्हणून. खेळण्यात मात्र तो राजा झाला. आपल्याकडे १९८० च्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबॉट’ ही जपानी मालिका लागे, तेव्हा मनगटावरच्या घड्याळाशी बोलून रोबॉटला हुकूम सोडणारी मुले गल्लोगल्ली दिसत.

सांध्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९६४. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ हा सुमारे फूटभर उंचीचा सैनिक बाजारात आणला. चित्रकार मानवी आकृतीच्या अभ्यासासाठी जो सांध्यांचा लाकडी पुतळा वापरतात, त्यावरून ही रचना सुचली, असे सांगतात. मुलगे बाहुल्यांशी खेळत नाहीत, या समजुतीमुळे त्याला ‘डॉल’ न म्हणता ‘ॲक्शन फिगर’ हे नवे नाव दिले गेले. आपल्याकडे हा पेच नव्हता. बाहुला-बाहुलीच्या लग्नात वरपक्षाकडून भांडायला मुलगे आनंदाने तयार असत.

हाच सैनिक जपानमध्ये गेला. तेथील ताकारा कंपनीने त्याच अंगावर १९७२ मध्ये पारदर्शक यंत्रमानव घडवला. १९७३ च्या तेलसंकटात प्लास्टिक महागले आणि १९७४ मध्ये तो सुमारे दहा सेंटिमीटर उंचीचा ‘मायक्रोमॅन’ झाला. या घराण्यातल्या रूप बदलणाऱ्या खेळण्यांतून १९८४ मध्ये हॅस्ब्रोने ‘ट्रान्सफॉर्मर्स’ उभे केले. सैनिक आणि यंत्रमानव ही अशी एकाच खोडाची दोन फांद्यांवरची फळे आहेत.

या झाडाचे एक बी गोव्यात पडले. टायर बनवणाऱ्या एमआरएफने हॅस्ब्रोच्या भागीदारीत १९८७ मध्ये ‘फनस्कूल’ ही कंपनी काढली आणि गोव्यातल्या तिच्या कारखान्यात खेळणी तयार होऊ लागली. तेथल्या ‘जी. आय. जो’चे रंग अमेरिकन सैनिकांहून अनेकदा निराळे असत. आपल्याकडच्या मुलांनी ते मातीत खेळवले, मोडले, विसरले. आणि आज परदेशातले संग्राहक त्या निराळ्या रंगांसाठीच ते शोधत असतात.

१९८२ पासून हे सैनिक बोटाएवढे, पावणेचार इंचांचे झाले होते. त्यांच्या पोटात एक रबरी कडे असे. ते धड आणि कंबर एकमेकांना ओढून धरी. पिंगुळीच्या बाहुलीची दोरी बाहेर होती, ती येथे आत गेली, एवढाच फरक. काही वर्षांनी रबर कुजे आणि सैनिकाचे दोन तुकडे होत. पण पाठीचा स्क्रू काढून नवे कडे बसवले की स्वारी पुन्हा लढायला सज्ज! मी स्वतः असे काही सैनिक दुरुस्त केले आहेत.

आता परीक्षण. माझ्या पुतण्याला जपानी यंत्रमानव जमवण्याचा नाद आहे. त्यातला एक, वीतभर उंचीचा, मी भिंग घेऊन आठवडाभर तपासला. शाळेच्या पुस्तकात आपण जे शिकलो ते सगळे सांधे त्यात आहेत. गुडघ्याला आणि कोपराला बिजागरीचा, तोही दुहेरी, त्यामुळे हात पूर्ण दुमडून खांद्याला टेकतो. खांद्याला आणि खुब्याला उखळीचा. मान मागेपुढे तर होतेच, शिवाय कलतेही. सर्वांत हुशारीची जागा घोटा. तो बाजूला झुकतो, म्हणून पाय कितीही फाकले तरी तळवा जमिनीला सपाट राहतो आणि गडी पडत नाही. मुठी बदलता येतात. एका गुडघ्यावर बसून, मान वळवून, हात पुढे करून तो तासन्‌तास तसाच राहतो. दोरी नाही, रबर नाही. केवळ सांध्यातले घर्षण. २००६ मध्ये जपानच्या काइयोदो कंपनीने ‘रिव्हॉल्टेक’ मालिकेत खटक्याने टप्प्याटप्प्याने वळणारा सांधा आणला, तेव्हापासून अशा आकृत्यांत केवढी स्पर्धा लागली आहे.

उणिवाही सांगतो. मनगटाची खुंटी काडीपेटीतल्या काडीपेक्षा बारीक आहे. ती मोडली तर घरी दुरुस्ती नाही, कारण उघडायला स्क्रूच नाही. खुब्याचा सांधा वापराने सैल पडतो. किंमत लहान मुलाच्या हाती द्यावी अशी नाही. आपल्याकडे खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, त्याचाही भार आहेच. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानक संस्थेचे चिन्ह सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट मिळाली, ही सावंतवाडीच्या चितारआळीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी करणाऱ्याला प्रयोगशाळेचा खर्च कसा झेपणार?

कारागिरीला मी पैकीच्या पैकी गुण देईन. पण माझा आक्षेप वेगळ्याच ठिकाणी आहे. या यंत्रमानवाला शेकडो प्रकारे उभे करता येते आणि बहुतेक संग्राहक त्याला एकदाच उभे करून काचेआड ठेवतात. काही जण तर खोकेही उघडत नाहीत, कारण बंद खोक्याला भाव जास्त. सोपाऱ्याच्या स्तूपातले आठ बुद्ध स्तब्ध होते, ते पूजेसाठी. हा स्तब्ध आहे तो भावासाठी. वळण्यासाठी केलेला सांधा कधी वळलाच नाही, तर तो केला कशाला?

याच्या उलट दुःख पिंगुळीचे आहे. तेथे बाहुल्या वळायला तयार आहेत. बोटे कमी पडत आहेत. परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले आणि ही कला शिकवत, दाखवत राहिले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मान झाला याचा आनंद आहेच. परंतु पद्मश्रीने बाहुली हलत नाही. संग्रहालयात बाहुली टांगली की लाकूड टिकते, कपडे टिकतात. दोरी किती ओढायची आणि कुठे सैल सोडायची, हे मात्र खुंटीवर टांगून ठेवता येत नाही. ते एका हाताने दुसऱ्या हातालाच द्यावे लागते.

म्हणून खेळणे घेणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे. यंत्रमानव खुशाल घ्या, तो उत्तम वस्तू आहे. पण तो मुलांच्या हाती जाऊ द्या, त्याचे सांधे सैल होऊ द्या, एखादी खुंटी मोडली तर मोडू द्या. आणि सुट्टीत कोकणात गेलात तर वाट थोडी वाकडी करून पिंगुळीला जा. मुलांना खेळ दाखवा, आणि खेळ संपल्यावर ती दोरी घटकाभर त्यांच्या बोटांत द्यायची विनंती करा. सूत्रधार असाच तयार होतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)